बुटांच्या दुकानातली उपासना

रविवार, ११ मे

आज आमची इथली पहिली उपासना झाली. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, चार माणसं आली. त्यातले टोपीवाले आजोबा उपासनेला नाही तर नुसते टेकायला आले असावेत, कारण पहिलं गीत संपायच्या आत त्यांचा डोळा लागला.

जागा म्हणजे बंद पडलेलं बुटांचं दुकान. भिंतींना छतापर्यंत रिकामी फडताळं, आणि खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर आरसे. गिऱ्हाइकाला आपले पाय दिसावेत म्हणून लावलेले. ते काढायला घरमालकीण तयार नाही. त्यामुळे मी मागच्या रांगेत बसूनही मला सगळ्यांचे पाय दिसत होते. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या झिजलेल्या टाचा, कोपऱ्यावरच्या पाववाल्याचे पीठ लागलेले बूट, त्याच्या बायकोचे सुजलेले घोटे. आणि समोर उभ्या असलेल्या आमच्या ह्यांचे काळे बूट, सकाळी मी दोनदा पॉलिश केलेले. एक पाय सारखा थरथरत होता. आवाज मात्र खणखणीत.

ह्यांना म्हणायचं होतं, "देव तुमच्यावर प्रेम करतो." इथल्या भाषेत एका अक्षराचा घोटाळा झाला आणि हे हात उंचावून म्हणाले, "देव तुम्हाला भाड्यानं देतो." पाववाल्याची बायको खदखदून हसली. मग सगळेच हसले, आजोबासुद्धा जागे होऊन हसले. ह्यांचे कान लाल झाले. संपल्यावर ती बाई माझ्याकडे आली, माझ्या हनुवटीला हात लावून तो शब्द माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला आणि म्हणाली, "त्यांना सांग, भाड्यानं दिलं तरी चालेल, गिऱ्हाईक चांगलं बघा म्हणावं."

मला ती फार आवडली.

गुरुवार, २२ मे

आज मीठ म्हणून धुण्याचा सोडा घेऊन आले. भाजी टाकून दिली. दुकानदारानं पिशवी देताना माझ्याकडे जरा बघितलं होतं, पण इथं सगळेच माझ्याकडे जरा बघतात, तेव्हा वेगळं काय ते कसं कळणार?

दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. न्हाणीघर घरमालकिणीबरोबर वाटून घ्यायचं. तिचं नाव मी आपटबाई ठेवलंय. दार, नळ, बादली, शिव्या, सगळं ती आपटते. आठ शब्दांपलीकडे आमचं संभाषण जात नाही आणि त्यातला "पाणी" हा शब्द सहा वेळा असतो.

लिहायचंच आहे तर खरं लिहिते. परक्या देशात सुवार्ता घेऊन जा, ही हाक ह्यांना आली. मला कुणी हाक मारली नव्हती. आम्हाला पाठवणाऱ्या मिशन मंडळाच्या सभेत मामंजी उठून म्हणाले, "माझा मुलगा आणि सूनबाई जातील," आणि टाळ्या पडल्या. मी तेव्हा मागं कपबशा विसळत होते. अकरा वर्षांच्या संसारात मूल नाही, अडकवून ठेवणारं काही नाही, तेव्हा आम्हीच सगळ्यांना सोयीचे. पण ह्यांचा चेहरा त्या दिवशी असा उजळला होता की माझ्या तोंडून नाही निघालंच नाही.

सोमवार, ९ जून

पाववाल्याची बायको अंथरुणाला खिळली आहे. पोटात काहीतरी वाढतंय. डॉक्टरांनी घरी पाठवलं. काल उपासनेनंतर पाववाला ह्यांना हाताला धरूनच घेऊन गेला. मीही गेले. भट्टीच्या मागची खोली, भिंती उबदार, अंथरुणाभोवती नात्यातल्या सात-आठ बायका. सगळ्यांचे डोळे ह्यांच्यावर.

ह्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला. क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, शब्द आठवत नाहीयेत. मग अगदी स्वच्छ उच्चारात, एकही चूक न करता म्हणाले, "ही उठेल. देवानं मला सांगितलंय. ही उठेल." बायका रडायला लागल्या. पाववाल्यानं ह्यांच्या हाताचा मुका घेतला.

परत येताना मी विचारलं, "अहो, 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर' असं म्हणायचं राहिलं का?"

"शंका घ्यायची असेल तर घरी थांबत जा," हे म्हणाले. असं तोडून ते सहसा बोलत नाहीत. माझंच चुकलं. एवढ्या मोठ्या विश्वासाच्या क्षणी मी व्याकरण काढत बसले.

शनिवार, ५ जुलै

ती परवा गेली.

आज माती दिली. हे कडेला उभे होते, कुणी पुढं बोलावलं नाही. सगळं आटोपल्यावर पाववाला आमच्यासमोर आला. तो आमच्याशी नेहमी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलतो, आम्हाला कळावं म्हणून. आजही तसाच बोलला. एकेक शब्द सुटा.

"खोटं कोण बोललं? तुम्ही, की तो?"

हे काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, भाषेअभावी. आपल्या भाषेत कुणी विचारलं असतं तर ह्यांनी नक्की समजावलं असतं. देवाच्या वाटा आपल्या वाटा नव्हेत, वगैरे. मी मनात जुळवाजुळव करत होते, पण मला क्रियापद सापडेना, आणि तेवढ्यात तो निघूनही गेला.

हनुवटीवर तिची बोटं अजून जाणवतात. इथं माझ्याशी हसून बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

रविवार, १३ जुलै

केवढी कृपा! पाववाला उपासनेला आला! मला वाटलं होतं, तो आमचं तोंडही बघणार नाही. आला तो थेट पहिल्या रांगेत, अगदी ह्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला. हात मांडीवर, नजर ह्यांच्यावर. एकदाही पापणी हलली नाही. असं कान देऊन ऐकणारा माणूस आपल्या गावच्या मंडळीतही मी पाहिला नाही. दुःखानं विश्वास कसा तावून निघतो ते आज दिसलं.

ह्यांना मात्र बरं नसावं. मध्येच वचन विसरले. पान उलटत राहिले, मग दहा मिनिटांत संदेश आटोपला. घरी येऊन मी म्हटलं, "बघितलंत? तुमचं बोलणं वाया गेलं नाही."

हे जेवण टाकून उठले. घसा दुखतोय म्हणाले. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला दिल्या. या वेळी मीठच होतं, आधी चाखून बघितलं.

बुधवार, ३० जुलै

ह्यांनी नवा नेम सुरू केलाय. पहाटे उठून नदीकाठी एकांतात प्रार्थनेला जातात. सात-साडेसातला परततात तेव्हा कपाळावर घाम, डोळे खोल गेलेले. प्रार्थनेत माणूस असा झिजतो हे मी मामंजींकडून ऐकलं होतं, आता घरात बघतेय. येताना रोज ताजा पाव आणतात. वाटेत भेटणारी माणसं देतात म्हणे. म्हणजे हळूहळू लोक ओळखायला लागले तर! शर्टाच्या बाह्यांना पीठ लागलेलं असतं, ते धुताना मला उलट आनंदच होतो. कुणाकुणाच्या घरी बसतात, कोण मायेनं पाठीवर हात ठेवत असेल.

काल उजव्या हातावर, मनगटापासून वर, भाजल्याचा लाल पट्टा दिसला. विचारलं तर म्हणाले, "इस्त्री लागली."

इस्त्री मी करते. पण एवढ्या-तेवढ्यावरून उलटतपासणी काय घ्यायची? मलम लावून दिलं.

रविवार, १७ ऑगस्ट

जेवणाआधीची प्रार्थना हल्ली हे मोठ्यानं करत नाहीत. "मनातच करू," म्हणतात. घशामुळं. आम्ही दोघं डोळे मिटतो. मी डोळे उघडते तेव्हा ह्यांचे उघडेच असतात, ताटाकडे लागलेले. बहुधा माझ्या आधी संपवत असतील. सवय आहे त्यांना.

मंडळाला पाठवायचा तिमाही अहवाल आज मी स्वच्छ अक्षरात उतरवला. उपस्थिती एकोणीस, असं ह्यांनी लिहिलंय. मी तर चारच धरते: आजोबा, शिवणबाई, पाववाला आणि मी. विचारलं तेव्हा हे म्हणाले, "जे लिहिलंय ते उतरव." पहाटे घरोघरी भेटणारे लोक मिळवले असतील. ह्यांचा हिशेब माझ्यापेक्षा मोठा आहे, मी खुर्च्या मोजते. उतरवलं.

तरी 'एकोणीस' लिहिताना हात जरा अडखळला, ते इथं नोंदवून ठेवते.

मंगळवार, २ सप्टेंबर

आज मी एक पाऊल उचललं. ह्यांना न सांगता मामंजींना पत्र लिहिलं.

काय करू? माणूस काठीसारखा वाळलाय. माझ्याशी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असेल. रात्री कूस बदलून भिंतीकडे तोंड करतो. मागच्या रविवारी संदेशाऐवजी नुसतं शास्त्र वाचलं, वंशावळीचा अध्याय, अमक्याला तमका झाला. शिवणबाईंनी आरशात बघून चपलांचे पट्टे सारखे केले. पाववाला मात्र पहिल्या खुर्चीत, तसाच, नजर न हलवता. त्याच्याकडे बघूनच मी तग धरते.

मामंजींना लिहिलं: तुमचा मुलगा इतकी प्रार्थना करतो की त्यात त्याचं शरीर संपत चाललंय. कुणीतरी वडीलधारं येऊन त्याला आवरा. काम वाढतंय, पण माणूस हाती लागणार नाही.

पत्र पेटीत टाकलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

उत्तर आलं! चिटणीसकाका स्वतः येणार आहेत. मंडळाचे चिटणीस, मामंजींचे जुने स्नेही. ह्यांना धर्मशास्त्र त्यांनीच शिकवलं. 'वाढतं काम डोळ्यांनी बघायचंय,' असं लिहिलंय.

मी पत्र वाचून दाखवलं. ह्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"त्यांना कुणी कळवलं?"

"मी," मी म्हटलं. "मामंजींना लिहिलं होतं."

ह्यांनी माझ्या हातून पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग हसले. पण ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही. "बरं केलंस," म्हणाले. "माझ्याच्यानं झालं नसतं."

म्हणजे ह्यांनाही बोलवायचंच होतं, फक्त संकोच होता. असो. काकांसाठी नवी चादर आणायला हवी.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

नीट लिहिता येतंय का बघते.

काका काल संध्याकाळी आले. प्रवासानं त्यांची झोप उडाली, पहाटेच उठून बसले. हे नेहमीप्रमाणे आधीच गेले होते. काका म्हणाले, "सूनबाई, आज मलाही त्याच्याबरोबर नदीकाठी प्रार्थना करू दे. चल, दाखव कुठं बसतो."

मी अभिमानानं निघाले. अभिमानानं! नदीकाठी कुणी नव्हतं. एक माणूस कुत्रं फिरवत होता, त्याला मी विचारलंही, "इथं रोज एक पाळक येतात ना?" तो नाही म्हणाला. आपण रोज येतो म्हणाला, पण इथं असं कुणी पाहिलं नाही.

काका थंडीनं काकडायला लागले. पाववाल्याकडे उजेड होता. म्हटलं, तो आपल्याच मंडळीतला, काकांना घटकाभर बसायला देईल. आम्ही मागच्या दारानं आत गेलो.

हे भट्टीसमोर उभे होते. बनियनवर एप्रन, केसांत पीठ. लांब दांड्याच्या फावड्यानं पाव बाहेर काढत होते, एकामागून एक, हात बसलेल्या माणसासारखे. आम्हाला बघितलं तरी थांबले नाहीत. भट्टीतले सगळे काढून झाल्यावर फावडं भिंतीला टेकवलं.

काका म्हणाले, "हे काय, पाळकसाहेब? मंडळाचा सेवक दुसऱ्याची चाकरी करतो?"

काकांचा सूर ओळखून ह्यांच्याऐवजी पाववालाच बोलला. सावकाश, सुटं सुटं. काकांना त्यातलं काही कळेना. मला कळलं. इतक्या महिन्यांत माझी भाषा सुधारली, ती नेमकी आजच्यासाठी.

"मी बोलावलं नव्हतं. माझी बायको गेली, त्यानंतर दहा दिवसांनी हा दारात आला. मी हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी परत. पुन्हा हाकललं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, ती पोती उचल. तेव्हापासून उचलतोय."

मी विचारलं, "मग तुम्ही दर रविवारी येता, पहिल्या रांगेत बसता, ते..."

"बघायला येतो," तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडे बघून हा ते पुन्हा म्हणतो का, ते बघायला."

काका विचारत होते, "काय म्हणतोय? अगं, काय म्हणतोय तो?" मला त्यांना सांगता आलं नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

काका खाली दुकानात एकटे बसलेत, चाळीस खुर्च्यांच्या मध्ये. हे आणि मी वर.

मी म्हटलं, "अहो, माणसाकडून चूक होते. तुम्ही विश्वासानं म्हणालात, देवाला तसं मंजूर नव्हतं."

"विश्वासानं नव्हे." हे पलंगाच्या कडेला बसले होते. "मी तिच्या पोटावर हात ठेवला ना, तेव्हा ती गाठ हाताला लागली. नारळाएवढी. मला त्याच क्षणी कळलं, ही उठत नाही. तरी म्हटलं."

"का?"

"सगळ्या बघत होत्या. कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे कुणीतरी तसं बघत होतं."

मी पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसले.

"त्यानंतर प्रार्थनेला बसलो की शब्द येतात," हे म्हणाले, "शब्द काय, ढीगभर येतात. बापाकडून आलेत. पण पलीकडे कुणी उचलत नाही. आधी तरी कुणी उचलत होतं का, आता तेही आठवत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू इतकी खूश होतीस. पीठ धुताना गाणं म्हणायचीस."

सबंध वही मागं चाळून बघितली. सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. पीठ, पाव, भाजलेला हात, एकोणीस. एखाद्या लहान मुलीला वाचायला दिलं असतं तरी तिला उमगलं असतं. मीच तेवढी वाचत नव्हते. आणि ह्यांचा बचाव करायच्या नादात मीच चिटणीसकाकांना बोलावून ह्यांना उघडं पाडलं.

राग येतोय. ह्यांचा येतोय, त्या बायकांचा येतोय. पाववाल्याच्या बायकोनं किती सहजपणे माझी हनुवटी धरली होती, आणि तिच्या त्या शेवटच्या दिवसांत मी एकटी तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. गेले नाही. ती उठणारच आहे म्हणून गेले नाही. ह्यांच्या त्या एका वाक्यानं माझंही एवढं नेलं, हे ह्यांना ठाऊक नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

काकांनी आज शेवटची उपासना घेतली. आपल्या भाषेत. कुणालाच समजली नाही. आजोबा झोपले. पाववाला आला नाही. त्याला बघायचं होतं ते बघून झालं असावं.

ह्यांनीच काकांना सगळं सांगून टाकलं, आणि मंडळानं हे काम बंद केलंय. काकांनी सगळं सौम्यपणे मांडलं: आम्ही दोघांनी गुरुवारी त्यांच्याबरोबर परत यायचं, सहा महिने विश्रांती, मग ह्यांनी एखाद्या शाळेत शिकवावं. "तुझ्या वडिलांना मी सांभाळून सांगेन," असंही म्हणाले.

"मी येत नाही," हे म्हणाले.

"इथं राहून काय करणार?"

"चारला उठणार. पोती उचलणार."

"आणि किती दिवस?"

"ते मला माहीत नाही, काका. पण तिथं येऊन वडिलांच्या शेजारी पुढच्या बाकावर बसणं मला जमणार नाही. लोक साक्ष द्यायला उभं करतील."

काका मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "सूनबाई, तू चल. तुला कुणी नावं ठेवणार नाही. अश्रद्ध नवऱ्याबरोबर परमुलखात कुढत राहायला देवानं सांगितलेलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं. मी "हो" म्हटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बॅग ह्यांनीच खाली आणून दिली. बसथांब्यापर्यंत आले. वाटेत एवढंच म्हणाले, "आपटबाईला सांगितलंय, न्हाणीघर आता एकट्यालाच लागेल." आपटबाई दारात उभी होती. तिनं दार आपटलं नाही. त्याचंच मला रडू आलं.

बस आली. काका चढले, खिडकीशी बसले, शेजारची जागा हातानं झाडली. कंडक्टरनं बॅगेला हात घातला आणि मी ती धरून ठेवली. तो ओढतोय, मी धरलेली. तो चिडून काहीतरी बोलला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काका आतून "अगं, ये ना!" म्हणत होते. काल रात्री, का कोण जाणे, मामंजींसाठी लिहून ठेवलेलं पत्र मी खिडकीतून त्यांच्या हातात दिलं आणि मागं सरले.

का, ते मला नीट सांगता येणार नाही. प्रेम म्हणावं तर ह्यांच्याकडे बघवतही नव्हतं. कर्तव्य म्हणावं तर इथं आता कसलं कर्तव्य? घरी गेले असते तर दर रविवारी मला ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं असतं, आख्ख्या मंडळीसमोर, आणि मी ती केली असती, सुंदर केली असती. तेवढं एक मला नको होतं, एवढंच ठाऊक आहे.

हे थांब्यावर तसेच उभे होते. "बस गेली," म्हणाले.

"दिसतंय मला," मी म्हटलं.

घरी येऊन दोघांनीही जेवण केलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

रविवारी पाववाल्याची भट्टी बंद असते. खाली दुकानातल्या खुर्च्या काल हमाल घेऊन गेले. दहा वाजायला आले तशी मी सवयीनं चांगली साडी नेसले. बाहेर येऊन बघते तर हेही इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. दोघंही एकमेकांकडे बघून ओशाळलो.

दहा वाजले. उपासनेची वेळ. जन्मात एकही रविवार या वेळी मी घरात बसलेली नाही.

"काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

मी ह्यांच्या समोर बसले आणि डोळे मिटले. मग लक्षात आलं, अकरा वर्षांत मोठ्यानं प्रार्थना नेहमी ह्यांनीच केली. माझी अशी एकही नाही. मामंजींची वाक्यं आठवली, ह्यांचीही आठवली, ती सगळी बाजूला सारली. खूप वेळ गेला. खाली रस्त्यावरून कुणाची तरी हातगाडी खडखडत गेली.

"प्रभू," मी म्हटलं, "हा माणूस..."

पुढं काही येईना. माफ कर म्हणू? कुणी कुणाला? बरं कर म्हणू? तो शब्द तर आता ह्या घरात उच्चारायची सोय नाही.

हे थांबले होते. मग हळूच म्हणाले, "पुढं?"

"पुढं येत नाही."

"मलाही तिथंच अडतं," हे म्हणाले.

मी डोळे उघडले नाहीत. ह्यांनी मिटले होते की नाही, बघितलं नाही. उपासना संपते त्या वेळेपर्यंत, अकरा वाजेपर्यंत, आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आमेन कुणीच म्हटलं नाही.